आतोबांनी तपासलेली तीन कॉलेजं

आमच्या आतोबांनी आधी स्वतःवर करून पाहिल्याशिवाय आमच्या घरात आजवर ना वस्तू आली, ना औषध, ना जावई. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. आमचं गाव थळ आणि मांडव्याच्या मधलं, आत्याचं सासरही गावातच, चार घरं सोडून. त्यामुळे आतोबा चहा त्यांच्या घरी पितात आणि त्यावरचं मत आमच्या घरी येऊन देतात. त्यांचं लहानपण पेणकडच्या मिठागरात गेलं. मिठाचा खडा जिभेवर ठेवल्याशिवाय त्यांचे वडील पोतं शिवू द्यायचे नाहीत म्हणे. मुलाने बापाची तेवढीच एक गोष्ट उचलली आणि ती सगळ्या जगाला लावली. पप्पांनी सोफा घ्यायचं काढलं तेव्हा आतोबा अलिबागच्या दुकानात जाऊन त्या सोफ्यावर अख्खी दुपार झोपून आले. मालकाने हलवून उठवलं तर म्हणाले, "घोरायला येतंय का बगत व्हतो." मुलीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा एका प्रसूतिगृहात बाळंतिणीच्या खाटेवर आडवे पडून, गुडघे वर घेऊन कुशी बदलताना नर्सने त्यांना पकडलं. "खाट करकरते," एवढ्या कारणावर त्यांनी ते हॉस्पिटल नापास केलं. आणि त्याच मुलीच्या लग्नाआधी चांगला आचारी शोधायला ते अनोळखी लग्नांत इस्त्रीचा शर्ट घालून जेवत फिरत होते. एका ठिकाणी भटजींनी त्यांना मुलीचे मामा समजून नवरीच्या मागे उभं केलं. त्यांनी शेवटच्या अक्षतेपर्यंत ते काम चोख केलं, नवरी निघाली तेव्हा डोळेही पुसले, आणि घरी येऊन सांगितलं, "मसालेभात बरा, पन वरन पातल."

एवढा तपासणीखोर माणूस, पण स्वतःचे डोळे मात्र त्यांनी जन्मात कुणाला दाखवले नव्हते. नजरेचा त्यांना भारी अभिमान. मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहून समोरून जाणाऱ्या बोटीचं नाव ते खणखणीत वाचून दाखवायचे, आणि बोट इतकी लांब असायची की खरं-खोटं करायला कुणी मायेचा पूत जाणं शक्य नव्हतं. अलीकडे ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकायचे आणि चौकटीलाच शिव्या घालायचे. "सुतारानं दार अरुंद केलंय," म्हणायचे. दार तीस वर्षं तेच होतं. आम्ही सगळे हसायचो.

ते असे धडकायला लागले त्याच वर्षी मी बारावी झाले आणि मला ऑप्टोमेट्रीला जायचं होतं. म्हणजे डोळे तपासायचं, नंबर काढायचं, डोळ्यात काय बिघडलंय ते डॉक्टरच्या आधी ओळखायचं शिक्षण. आठवीत असताना शाळेत डोळे तपासायला आलेल्या एका ताईने माझ्या नाकावर ती जड फ्रेम ठेवून एकामागून एक भिंगं घातली, आणि खिडकीबाहेरच्या चिंचेची पानं मला पहिल्यांदा सुटी सुटी दिसली. मला तोवर वाटायचं, झाड म्हणजे हिरवा ढीगच असतो. त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. गावात मात्र कुणालाही सांगितलं की प्रश्न ठरलेला, "म्हणजे चष्म्याचं दुकान काढणार काय ग?" मी उत्तरं देऊन देऊन इतकी चिडकी झाले होते की मम्मी म्हणायची, हिला डोळ्यांचं नको, जिभेचं काहीतरी शिकवा.

तीन कॉलेजांत नाव लागलं आणि घरात महाभारत सुरू झालं. पहिलं पनवेलच्या बाजूला. काचेची इमारत, लिफ्ट, नवीकोरी मशीनं, आणि फी अशी की आकडा ऐकून पप्पांनी आधी पाणी मागितलं. तरी पप्पांचं मन तिथेच, कारण ते न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतात आणि ते कॉलेज त्यांच्या वाटेवर. "सोमवारी सोडीन, शनिवारी उचलीन, पोरगी डोळ्यासमोर राहील," हे त्यांचं पालुपद. दुसरं मुंबईत. जुनं, नावाजलेलं, फी परवडणारी, पण हॉस्टेल नाही. मला तेच हवं होतं. मांडव्याहून लाँच पकडायची, केस उडवत गेटवेला उतरायचं, असं चित्र मी मनात कधीच रंगवून ठेवलं होतं. त्यावर मम्मीचा एकच सवाल, "पावसाळाभर लाँच बंद. तेव्हा काय पोहत जाणार?" तिसरं घाटावर. एका धर्मादाय डोळ्यांच्या हॉस्पिटलला जोडलेलं, फी सगळ्यात कमी, हॉस्टेल आवारातच. पण सकाळी एस.टी.त बसलं तर पोचायला संध्याकाळ, गाव कोरडं ठाक, आणि मम्मीने चौकशी करून आणलेली भयानक बातमी अशी की तिथे बाजारात मासळीच येत नाही. कोणत्या तरी एका ठिकाणी शनिवारी दुपारी बाराच्या आत फी भरायची होती. नाही भरली तर तिन्ही जागा हातच्या जाणार होत्या आणि माझं वर्ष फुकट.

"थांबा," आतोबा म्हणाले. "मी बगून येतो."

"भावजी, बघायचं काय त्यात?" पप्पा म्हणाले. "वेबसाइट आहे ना."

"वेबसाइटवर कुनी आपली गलकी गच्ची दाखवतं काय रं? पोरं शिकतात ती पेशंटवर. तं पेशंट मी."

आत्याने हातातली वालाची शेंग तशीच धरून ठेवली. ज्या माणसाने जन्मभर डोळ्याला डॉक्टरचं बोट लागू दिलं नाही, तो माझ्या कॉलेजासाठी तीन ठिकाणी डोळे तपासून घ्यायला निघाला होता. मला तेव्हा त्याचं कौतुक कमी आणि धास्ती जास्त वाटली, कारण सोफ्याचा इतिहास मला पाठ होता.

सोमवारी ते पनवेलकडे गेले, आणि जाताना जिताडा घेऊन गेले. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या भागात, मोठ्या साहेबाकडे रिकाम्या हाताने कुणी जात नाही. खाडीतला चांगला हातभर जिताडा केळीच्या पानात गुंडाळून नेतात. जिताड्याने सुटलेल्या कामांच्या इतक्या गोष्टी आमच्याकडे सांगतात की मासा मोठा की सरकार मोठं, असा प्रश्न पडावा. आतोबांनी तो प्रिन्सिपलसाहेबांसाठी म्हणून नेला. साहेब बाहेरगावी. मग मासा मांडीवर घेऊन ते पेशंटच्या रांगेत बसले, बंद काचांच्या एसी खोलीत. तासाभरात आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यांचा नंबर येताच एका मुलाने श्वास रोखून भराभर भिंगं बदलली, चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि वाट दाखवली.

"मासा बगितला, डोले बगितले न्हाय," आतोबांनी निकाल दिला. "नापास."

पप्पा उसळले. "अहो, तुम्ही मासा नेलात म्हणून त्यांनी हाकललं! यात कॉलेजचा काय दोष?"

"पेशंट येताना नुसता डोला घिऊन येत न्हाय बाल्या, वास पन घिऊन येतो."

जिताडा परत आलाच होता, मम्मीने तो तळायला घेतला, आणि जेवण होईपर्यंत वाद थांबला.

बुधवारी मुंबई. गणपती होऊन गेलेले, लाँच नुकत्याच सुरू झालेल्या. तिथे त्यांना नीट बसवलं, सगळं विचारलं, आणि डोळ्यात थेंब घातले. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसा, मग आतून तपासू, असं सांगितलं. आतोबा थोडा वेळ बसले. मग त्यांना परतीची लाँच आठवली, आणि ते सरळ उठून निघाले. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेला माणूस, भर दुपारचं ऊन आणि चारी बाजूंनी चकाकणारं पाणी! गेटवे ते मांडवा ते डोक्यावरून टॉवेल घेऊन, तोंड गुडघ्यात घालून बसले होते. शेजारच्या बायकांना वाटलं, यांच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. एकीने तर पाठीवरून हात फिरवला. मांडव्याला त्यांना दोघांनी धरून उतरवलं. "त्या कॉलेजात चांगला मानूस जातो आन् आंधला होऊन भायेर येतो," ते म्हणाले. "नापास."

"तुम्ही पळून आलात!" मी किंचाळलेच. "तपासायच्या आधीच आलात, मग ते नापास कसे?"

"मी पलत व्हतो तवा मना कुनी आडवला काय? न्हाय ना?"

मी पाय आपटत आत गेले. दोन दिवस उरले होते, दोन कॉलेजं मोडीत निघाली होती, तीही एक माशापायी आणि एक लाँचपायी. पप्पांनी मला हळूच सांगितलं की तू काळजी करू नकोस, शनिवारी मी पनवेललाच पैसे भरतो, भावजींना काय कळतंय. मी म्हटलं, मुंबई. ते म्हणाले, पनवेल. मम्मी म्हणाली, आधी भावजींना घाटावरून येऊ द्या, मग भांडा.

ते गुरुवारी पहाटेच निघाले आणि शुक्रवारी रात्री परत आले. आम्ही सगळे ओट्यावर. आतोबा घाटावरून आले म्हणजे एस.टी.च्या सीटपासून तिथल्या पाण्याच्या चवीपर्यंत सगळं ऐकायला मिळणार, अशी आमची तयारी. आतोबा आले, पायऱ्या हळू चढले, बसले आणि गप्प राहिले. चहा दिला. चहा प्यायले आणि चहाबद्दलही काही बोलले नाहीत. आत्याने पप्पांकडे पाहिलं. त्या माणसाला मी तोवर कधी गप्प बसलेला पाहिलाच नव्हता, झोपेतसुद्धा तो बोलतो.

"घाटावरचं," शेवटी ते म्हणाले. "तितंच घाला पोरीला."

"का पण?"

"तितंच."

"भावजी, कारण सांगा," पप्पा म्हणाले.

"सांगत न्हाय."

मग मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, तुम्ही मासा घेऊन एक कॉलेज मोडलंत, पळून येऊन दुसरं मोडलंत, आणि आता कारण न सांगता मला त्या कोरड्या गावात टाकताय. "आतोबा, माझं आयुष्य आहे हे, सोफा नाही!"

"सोफा असता तं कारन सांगितलं असतं," ते म्हणाले, आणि उठून घरी गेले. जाताना ओट्याच्या डावीकडच्या खांबाला धडकले. या खेपेला शिवी दिली नाही.

शनिवारी सकाळी पप्पा लॅपटॉप उघडून बसले. पनवेलची फी भरायची. मी रडून रडून सुजलेली, मम्मी भाकरी थापत होती. आत्या आणि आतोबा आले होते, पण आतोबा ओट्यावरच, आत येईनात. घड्याळात अकरा वाजून गेलेले. पप्पांनी रकमेचा आकडा दोनदा मोठ्याने वाचला, सुस्कारा टाकला आणि ओटीपीची वाट बघत बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी हुंदके देत होते म्हणून आत्याने तो घेऊन स्पीकरवर टाकला.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिने आधी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. घाटावरचंच. "मी इथे थर्ड इयरला आहे. काकांनी घरचा म्हणून हा नंबर दिलाय. त्यांचे ड्रॉप्स सुरू झाले का, ते विचारायचं होतं."

"कसले ड्रॉप्स?" आत्याने विचारलं.

मग ती मुलगी सावकाश बोलली. "त्यांनी घरी सांगितलं नाही का? त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब खूप वाढलाय, डावा डोळा जवळजवळ गेलाय, आणि उजव्यालाही कडेने सुरुवात झालीये. काल आतून तपासायला थेंब घातल्यावर ते उठून निघून गेले होते. मी स्टँडवर जाऊन त्यांना एस.टी.तून उतरवून परत आणलं. ड्रॉप्स रोज घालायचे, एक दिवसही चुकवायचे नाहीत. सरांनी विचारायला सांगितलंय, आणि मलाही राहवत नव्हतं."

भाकरी तव्यावर करपली, ती कुणी उलटली नाही. पप्पांच्या फोनवर ओटीपी येऊन पडला. पप्पांनी तो वाचला आणि फोन टेबलावर पालथा घातला.

आत्या बाहेर गेली, मागोमाग मी. आमची आत्या रडणारी नव्हे. तिने आतोबांच्या शर्टाच्या खिशात सरळ हात घातला आणि बाटली काढली. सील तसंच. "ही का उघडली नाहीस?" एरवी चारचौघांत नवऱ्याला अहो-जाहो करणारी आत्या त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला अरे-तुरे करत होती.

"उघरली असती तं तू विचारलं असतंस, कसली म्हनून," आतोबा म्हणाले. "मंग सगले माजेच डोले बगत बसले असते आन् पोरीची तारीख गेली असती. एक दिवसानं काय व्हतंय, म्हटलं. बारा वाजले का सांगनार व्हतो." मग माझ्याकडे मान पूर्ण वळवून म्हणाले, "ती पोर पांढरा कोट घालून स्टँडात धावत आली ग. कंडक्टरला म्हनते, गाडी सोडू नका, माजा पेशंट आत हाय. सगली एस.टी. मना बगत व्हती. पेशंट पलाला तं मागनं धावनारं कॉलेज पायजे. दुसरं मना काय कलत न्हाय."

मला त्या वेळी त्यांचा राग आला, भीती वाटली, आणि इतकं प्रेम दाटून आलं की मी तडक आत आले आणि पप्पांना म्हटलं, "घाटावरचं भरा." मुंबई, लाँच, उडते केस, सगळं जागच्या जागी विरघळलं. मला त्या फोनवरच्या मुलीसारखं व्हायचं होतं, बस. पप्पांनी पनवेलचं पान बंद केलं, घाटावरचं उघडलं आणि नेमकं नेटवर्क गेलं. मग आमच्या दारात जे झालं ते गाव अजून सांगतं. पप्पा लॅपटॉप घेऊन ट्रेलरच्या टपावर चढलेले, मी त्यांच्या शेजारी फोन उंच धरून हॉटस्पॉट देतेय, मम्मी घड्याळ बघून ओरडतेय, आणि मधोमध आत्या आतोबांचं डोकं मागे दाबून डोळ्यात पहिला थेंब घालतेय. बाराच्या जरा आधी फी गेली. टपावरून पप्पांनी "झाली!" म्हणून आरोळी ठोकली तेव्हा आतोबा डोळे मिटूनच म्हणाले, "टपावर रेंज चांगली हाय."

आता माझं इंटर्नशिपचं वर्ष चालू आहे. गाव कोरडं आहे हे खरं, मासळी मिळत नाही हेही खरं, पण मम्मी सुकट पाठवते आणि मी हॉस्टेलच्या खिडक्या बंद करून खाते. मशीनं जुनी आहेत, पंखे कुरकुरतात, आणि पेशंटची रांग फाटकापर्यंत असते. शिकायला तीच लागते. आतोबा दर तीन महिन्यांनी एस.टी.ने घाट चढून इथेच दाखवायला येतात. अलिबागला सोय आहे, आत्या ओरडते, पण ते ऐकत नाहीत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. ती किती उरली हे बघायला एक मशीन आहे. हनुवटी टेकवायची, समोर नजर लावायची, आत कुठेही प्रकाशाचा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

मागच्या खेपेला त्यांची ही तपासणी मीच घेतली. आतोबा टुक, टुक, टुक, एका तालात बटण दाबत सुटले. ठिपका असला तरी दाबलं, नसला तरी दाबलं. कागदावर उजवा डोळा जवळजवळ निर्दोष, आणि खाली मशीनचा शेरा, तपासणी भरवशाची नाही. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि पुन्हा तपासणी घ्यायची का, हे सरांना विचारायला गेले. परत आले तेव्हा आतोबा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ येऊन उभी राहिले. त्यांना कळलं नाही.

"माजी भाची हाय हितं," ते सांगत होते. "माज्या शब्दावर आली हो. मुंबई सोडून आली. डाव्या अंगाचं मना काय दिसत न्हाय. आता उजव्याचं पन कडेनं कालं झालंय. पन पोरीला सांगू नका. त्या मशीनीत मी आपलं बटन दाबत ऱ्हातो. तिला वाटाया पायजे, तिच्या कॉलेजानं माजे डोले वाचवले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. मग बाकाला पूर्ण वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूने अगदी समोर येऊन उभी राहिले.

"आलीस?" ते हसले. "लांबूनच वलखलं तुना."

"व्हय आतोबा," मी म्हटलं, त्यांचा हात धरला आणि त्यांना पुन्हा मशीनपुढे नेऊन बसवलं.